पार वस्तीत बांधा

ऑगस्ट लागला की नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, झाडे लावायची लगबग सुरू होते. बाजरी गुडघ्याला लागलेली असते, मुरमाड माळावरही चार दिवस हिरवळ दिसते आणि शाळा, ग्रामपंचायती, पतसंस्था, तरुण मंडळे अशा सगळ्यांनाच रोपे हवी असतात. क्रांतिदिनापासून स्वातंत्र्यदिनापर्यंतचा आठवडा तर वृक्षारोपणाचाच. अलीकडे या रिवाजात एक चांगली भर पडली आहे. दलित वस्ती, पारध्यांची पाले, भिल्लांची वाडी अशा ठिकाणी सगळ्या समाजांच्या माणसांनी जायचे, मिळून एक झाड लावायचे आणि त्याला शांतीचे किंवा सद्भावनेचे नाव द्यायचे. गावातल्या बऱ्याच माणसांचे पाय ज्या वस्तीला कधी लागलेले नसतात, तिथे ती झाडाच्या निमित्ताने जातात, ही लहान गोष्ट नाही. आमचा या उपक्रमाला मनापासून पाठिंबा आहे. पाठिंबा आहे म्हणूनच त्याच्याकडे थोडे जास्त मागणे आहे.

आज ९ ऑगस्ट. १९४२ साली याच दिवशी पहाटे मुंबईत काँग्रेसचे नेते पकडले गेले आणि कार्यकारिणीतले बारा जण नगरच्या भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध झाले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव अशी ही माणसे. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' १९४४ साली इथेच लिहिले, आझादांच्या 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रेही इथलीच. नेहरूंच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच ते माती खणताना भेटतात. कोठड्यांसमोरच्या अंगणात त्यांनी फुलझाडांसाठी वाफे करायला घेतले. जमीन दगडगोट्यांची, राबिटाची. खणता खणता जुन्या बांधकामांचे अवशेष वर येत, आणि त्यावरून त्यांना चांदबिबीची आठवण होते. सुटका कधी होणार याचा पत्ता नसलेली माणसे वाफ्यांना पाणी घालत होती.

त्यानंतर तीन वर्षांनी याच तारखेला नागासाकीवर अणुबाँब पडला. त्या आगीत काकी नावाचे एक फळझाड अर्धे जळूनही तगले. आपल्याकडच्या टेंभुर्णीच्या कुळातले हे झाड. मासायुकी एबिनुमा नावाच्या वृक्षवैद्याने त्याच्यावर उपचार केले, त्याच्या बियांपासून रोपे तयार केली आणि १९९६ पासून ती रोपे जगभरच्या मुलांच्या हातांनी लावली जात आहेत. त्या उपक्रमातली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. रोप मागणाऱ्याला त्याचे पालकत्व घ्यावे लागते. झाड देणारा आधी विचारतो, याला सांभाळणार कोण?

आपल्याकडे हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. राज्य सरकारने २०१६ च्या १ जुलैला एका दिवसात २ कोटी झाडे लावण्याचे ठरवले, पुढच्या वर्षी ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. पुढे त्यातली जगली किती हे पाहण्यासाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. संख्येच्या मागे लागले की झाडाचे असे होते. शांतीच्या झाडाची संख्या एकच असते, म्हणून ते वाचवणे शक्य आहे. ते मेले तर मात्र ३३ कोटींतले एक मेल्यासारखे होत नाही. गावातल्या सगळ्या समाजांनी मिळून लावलेले झाड उन्हाळ्यात वाळले, तर त्या वस्तीतली पोरे येता-जाता ते खराट्यासारखे उभे असलेले पाहतात आणि गावाच्या शब्दाची किंमत त्यावरून ठरवतात.

खरे तर गावाला शांतीचे झाड नवे नाही. गावोगावी एक वड, पिंपळ किंवा लिंब असतो आणि त्याच्याभोवती दगडी पार असतो. भावकीच्या वाटण्या, बांधाचे तंटे, जत्रेची वर्गणी, पोळ्याचा मान, सगळे त्या पारावर ठरत आले. पण पारावर बसत होते कोण? महारवाडा आणि मांगवाडा गावकुसाबाहेर. येसकराने यायचे ते पाराखाली उभे राहायला, सांगितलेले काम ऐकायला. बायका वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळून जात, पारावर बसून बोलत नसत. सावलीला जात नव्हती, पाराला होती. शंभर-दोनशे वर्षांचे झाड गावाच्या मध्यावर उभे होते आणि त्याच्याखाली होणारा न्याय गावाच्या एका भागापर्यंत पोचत नव्हता.

वास्तविक झाडांनी माणसांत भेद मानल्याची एकही खूण या जिल्ह्यात सापडत नाही. शिर्डीत गुरुस्थानाचा लिंब आहे, त्याच्यापुढे कोणत्याही धर्माचा माणूस हात जोडतो. दर्ग्याच्या अंगणात चिंच किंवा लिंब असतोच. मारुतीच्या देवळापाशी ज्या पिंपळाला प्रदक्षिणा घालतात, तोच पिंपळ वस्तीतल्या विहाराच्या अंगणात बोधिवृक्ष म्हणून लावला जातो. आणि भुईकोट किल्ल्यापाशी एका चिंचेची आठवण सांगतात. ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीने किल्ला घेतला तेव्हा तो त्या चिंचेखाली जेवला, अशी आख्यायिका आहे. झाडाखाली कोण बसले, त्यावरून झाडाची ओळख ठरत गेली. शांतीचे झाडही याला अपवाद नाही. ज्या दिवशी लावले त्या दिवशी ते फक्त एक रोप असते.

म्हणून आमचे पहिले म्हणणे जागेबद्दल आहे. हे झाड चौकात नको, कचेरीसमोर नको, शाळेच्या फाटकाशीही नको. ते वस्तीत लावा, वस्तीच्या मध्यावर लावा, आणि त्याला पार बांधा. गावाने तिथे जाऊन बसायचे.

हे नुसते बोलणे नाही. याच जिल्ह्यात हे करून दाखवणारी माणसे होऊन गेली. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य १९७० साली जामखेडला आले. वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेले. आले ते दवाखाना काढायला, पण लवकरच १९७२ चा दुष्काळ उभा राहिला आणि लोकांना औषधाच्या आधी पाणी हवे होते. कूपनलिका खोदायचे ठरले. त्या कुठे घ्यायच्या, यावर आरोळे अडून बसले. गावाच्या मध्यावर नाही, पाटलाच्या वाड्याजवळ नाही. दलित वस्तीत किंवा तिला लागून घ्यायच्या, असा त्यांचा आग्रह होता. ज्या माणसांना गावच्या विहिरीवर चढू दिले जात नव्हते, त्यांच्या दारात हातपंप आला. तहान लागली की गावाला त्या पंपावर यावे लागले. घागरी घेऊन सवर्ण घरातल्या बायका दलित वस्तीत रांगेत उभ्या राहिल्या. भाषणाने जे झाले नसते ते पंपाच्या दांड्याने केले, कारण तो दांडा आधी कुणाच्या हाताने हलला हे बघत बसायला दुष्काळात कुणाला सवड नव्हती.

आरोळ्यांच्या कामात अशा युक्त्या बऱ्याच होत्या, आणि त्या सगळ्या एकाच गोष्टीतून आलेल्या होत्या. निरनिराळ्या जातींचे पुरुष एका सतरंजीवर बसत नव्हते, म्हणून त्यांनी व्हॉलीबॉलचे जाळे बांधले. चेंडू मारताना जात विसरलेले तरुण पुढे शेतकरी मंडळांत एकत्र बसू लागले. गावोगावच्या आरोग्यसेविका म्हणून निवडलेल्या बायकांपैकी कितीतरी दलित होत्या, निरक्षर होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. बाळंतपणाला त्यांनाच बोलवावे लागे. शेतकरी मंडळांनी आणि महिला मंडळांनी रोपवाटिका काढल्या, ओसाड माळांवर झाडे लावली. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरचे डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले. पण आम्हाला राहून राहून तो हातपंप आठवतो. शांतीचे झाड लावायला निघालेल्या प्रत्येक मंडळाने तो आठवावा. मदत वस्तीकडे नेऊन टाकणे वेगळे, आणि गावाला ज्या गोष्टीची गरज आहे ती वस्तीत उभी करणे वेगळे.

याच जामखेड तालुक्यात चौंडी आहे, अहिल्यादेवींचे जन्मगाव. घाट, बारवा, धर्मशाळा बांधताना ज्यांनी आपल्या राज्याची हद्दही पाहिली नाही, त्यांचे नाव आता जिल्ह्याला आहे. आणि याच तालुक्यात खर्डा आहे. २८ एप्रिल २०१४ ला खर्ड्यात शाळेत शिकणारा १७ वर्षांचा एक दलित मुलगा वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो म्हणून मारला गेला आणि त्याचा देह झाडाला लटकवलेला सापडला. खटला चालला. साक्षीदार एकामागून एक फिरले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयातून सगळे आरोपी निर्दोष सुटले. सोनईत २०१३ च्या पहिल्याच दिवशी तीन तरुण मारले गेले होते. २०१६ च्या जुलैमध्ये कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला आणि सारा महाराष्ट्र रस्त्यावर आला. २०२३ च्या मे महिन्यात शेवगावात मिरवणुकीवरून दगडफेक झाली. नगर जिल्ह्यात शांतीचे झाड लावणाऱ्याच्या मनात ही यादी असलीच पाहिजे. खर्ड्याचे नाव घेतल्याशिवाय या जिल्ह्यात झाड आणि शांती हे दोन शब्द एका वाक्यात आणणे आम्हाला जमत नाही. तेही झाड कुणीतरी कधीतरी लावलेलेच असणार.

खर्ड्याच्या खटल्याने आणखी एक गोष्ट दाखवली. साक्षीदार गप्प झाले आणि गाव शांत राहिले. बाहेरून पाहणाऱ्याला त्या गप्प राहण्यात आणि शांततेत फरक दिसणार नाही. वस्तीतल्या माणसाला तो दर पावलाला कळतो. १५ ऑगस्ट २००७ ला महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. हेतू उत्तम होता. बांधावरून वर्षानुवर्षे कोर्टात जाणारी भावकी गावातच समेटाला बसली, शेकडो दिवाणी दावे मिटले, गावांना बक्षिसे मिळाली. पण गावावर एकही गुन्हा नको या हट्टापायी अत्याचाराची फिर्याद मागे घे, पोलिसात जाऊ नको, असा दबाव दलितांवर आल्याचे कार्यकर्त्यांनी वारंवार सांगितले. बक्षिसाच्या फलकावर शांतता लिहायची आणि ती ज्याच्या जिवावर राखायची त्याला विचारायचे नाही, असे होऊ लागले तर मोहिमेचा मूळ हेतूच हरवतो. शांतीच्या झाडाच्या बाबतीत हा धोका जास्त आहे, कारण झाड लावताना सगळेच हसरे असतात, फोटो चांगला येतो, आणि त्या वस्तीतल्या एखाद्या घराने फिर्याद दिलेली असेल तर 'आता झाड लावले, आता कशाला?' असे म्हणायला सोपे जाते. असे म्हटले जाणार असेल तर झाड लावू नये. फिर्यादीचा निकाल न्यायालयात लागू द्यावा आणि साक्ष देणाऱ्याला गावाने सोबत करावी, हे शांतीचेच काम आहे.

आपल्या जिल्ह्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही दोन नावे झाडांमुळे आणि पाण्यामुळे देशभर गेली. राळेगणला दारूच्या भट्ट्या बंद झाल्या, माथा ते पायथा पाणी अडले, झाडे उभी राहिली. त्या कथेतला एक प्रसंग कमी सांगितला जातो. दलित कुटुंबांवर बँकेचे कर्ज थकले होते, तेव्हा गावातली माणसे त्यांच्या शेतात श्रमदानाने राबली आणि पिकाच्या पैशातून ते कर्ज फेडले. दलितांना गावाच्या चालीरीतींत सामावून घेताना त्यांचे स्वतःचे काय उरले, असा प्रश्न काही अभ्यासकांनी राळेगणबद्दल विचारला आहे, आणि तो रास्त आहे. तरीही दुसऱ्याच्या बांधावर जाऊन घाम गाळणे हे रोप लावण्यापेक्षा कितीतरी अवघड काम होते, आणि ते तिथे झाले.

हिवरे बाजार तर भांडणांसाठी आणि दारूसाठी बदनाम गाव. पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटर, डोंगर उघडे, माणसे नगर-पुण्याकडे पांगलेली. १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. ग्रामसभा बसू लागली आणि कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान, कुटुंबनियोजन ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. ज्या डोंगरावर लोकांनी झाड ठेवले नव्हते, तिथे वनखात्याबरोबर त्यांनीच झाडे राखली. पुढे पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेत मांडला जाऊ लागला. गावात एकच मुस्लिम घर होते, त्या घरासाठी गावाने मशीद बांधली. झाडे वाढली म्हणून भांडणे मिटली की भांडणे मिटली म्हणून झाडे वाढली, याचे उत्तर हिवरे बाजारातही कुणी सरळ देऊ शकणार नाही. दोन्ही एकाच ग्रामसभेत वाढले.

मात्र एक गोष्ट इथे बोलायला हवी. चराईबंदीचा पहिला फटका ज्याच्याकडे जमीन नाही आणि चार शेळ्या आहेत, त्याला बसतो. हिवरे बाजारने गवत कापून न्यायची मुभा ठेवली, म्हणून ती बंदी टिकली. वस्तीत झाड लावताना हाच विचार हवा. शेळीला पिंपळाचा पाला फार आवडतो, लिंबाचाही चालतो. वस्तीतली शेळी म्हणजे आजारपणाची, लग्नाची, शाळेच्या दप्तराची शिल्लक. तिच्यापासून झाड राखायचे आणि तिच्या मालकिणीशी भांडायचेही नाही, असे कुंपण करावे लागते. बाभळीच्या आणि बोरीच्या काट्या दोन हात उंच, खाली दगडांचा कठडा. लोखंडी जाळी बसवली तर ती पहिल्या अडचणीच्या दिवसात भंगारात जाते, आणि मग चोरीचा ठपका वस्तीवरच येतो. तेव्हा काट्याच बऱ्या.

केनियात वांगारी माथाई यांनी १९७७ साली हरित पट्ट्याची चळवळ उभी केली. खेड्यातल्या बायका रोपे वाढवत आणि त्यांना रोपामागे थोडे पैसे मिळत, पण लावलेल्या रोपाचे नाही, जगलेल्या रोपाचे. नव्वदच्या दशकात तिथल्या रिफ्ट खोऱ्यात जमाती एकमेकांवर उठल्या, घरे जळाली. त्या काळात माथाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भांडणाऱ्या जमातींना रोपे वाटली, एकमेकांच्या हाती दिली. २००४ साली त्यांना शांततेचे नोबेल मिळाले, तेव्हा झाडांचा शांततेशी काय संबंध असे अनेकांनी विचारले होते. त्यांचे उत्तर जमिनीत होते. माणसे लाकडासाठी, पाण्यासाठी, चरायच्या रानासाठी भांडत होती. जे कमी पडते त्यावरून भांडण होते. ते वाढवले आणि नीट वाटले तर भांडणाचे कारण कमी होते. पारनेर, पाथर्डी, कर्जतच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. टँकरच्या रांगेत हंड्यावरून झालेली भांडणे त्याने पाहिलेली आहेत.

आता पाण्याचे. नगरच्या दुष्काळी तालुक्यांत ऑगस्टमध्ये लावलेले रोप दिवाळीपर्यंत आपोआप तगते. खरी परीक्षा फाल्गुनात सुरू होते. मुरमात दोन फूट खोल, दोन फूट रुंद खड्डा खणून, मुरूम बाहेर काढून, काळी माती आणि कुजलेले शेणखत भरलेले असेल, तर मुळांना आधार मिळतो. नुसते कुदळीने उकरून रोप रोवले असेल तर होळीच्या आत ते जाते. उन्हाळ्यात बुंध्याशी मडके पुरायचे, बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात घालायची, आणि दर चार-आठ दिवसांनी ते भरायचे. आळ्यात पाचट किंवा पालापाचोळा अंथरायचा. असे तीन उन्हाळे काढले की पिंपळ मोकळा होतो, मग तो कुणाचे ऐकत नाही.

पण त्या मडक्यात पाणी ओतायचे कुणी? पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतल्या कितीतरी वस्त्या दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये संसार. पश्चिम महाराष्ट्रात, कधी कर्नाटकात. परत येतात ते चैत्र-वैशाखात. म्हणजे झाडाला पाणी लागते त्या महिन्यांत वस्तीत म्हातारी माणसे, लहान मुले आणि शेळ्या राहतात. पारध्यांच्या पालांना तर हंडाभर पाण्यासाठी दुसऱ्याच्या विहिरीवर जावे लागते, आणि तिथून हाकलले जाण्याची भीती असते. अशा वस्तीत झाड लावून 'हे आता तुमचे, तुम्ही सांभाळा' असे सांगून निघून जाणे अन्याय आहे. ज्याच्याकडे प्यायला पाणी नाही त्याच्यावर शांती जगवायची जबाबदारी टाकता येत नाही. दिवाळीनंतर या झाडाला पाणी गावाने घालावे, आणि त्यासाठी रोज कुणीतरी गावातून वस्तीत जावे. आम्हाला या झाडाचा सगळ्यात मोठा उपयोग तिथे दिसतो. तीन उन्हाळे गावातला माणूस कळशी घेऊन वस्तीत गेला, म्हातारीशी दोन शब्द बोलला, पोराला शाळेत का गेला नाहीस असे विचारले, कुणाच्या दारी दुखणे आहे हे त्याला कळले, तर त्या तीन उन्हाळ्यांत गाव बदलते. आणि पाणी घालायला जाताना त्याला हेही दिसते की वस्तीचा नळ कोरडा आहे.

एक धोका सांगितल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. गायरान कसून पोट भरणाऱ्या भूमिहीनांना उठवायचे असते तेव्हा तिथे वृक्षारोपण काढायचे, हेही महाराष्ट्रात घडले आहे. १९९० च्या १४ एप्रिलपर्यंतची दलित-आदिवासी-भटक्यांची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय सरकारने १९९१ मध्ये घेतला. तरीही अनेकांच्या सातबारावर अजून नाव लागलेले नाही. पारध्यांची गोष्ट त्याहून कठीण. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले, तो कायदा १९५२ साली गेला, संशय गेला नाही. कितीतरी कुटुंबांकडे जातीचा दाखला नाही, घराखालची जागा त्यांच्या नावावर नाही. अशा जागेत गाव झाड लावायला आले की वस्तीच्या मनात पहिली शंका येते ती हीच, की आपल्याला इथून उठवणार. ती शंका आधी दूर करा. जागा वस्तीला विचारून निवडा, झाड कोणते ते वस्तीला ठरवू द्या, आणि त्याच दिवशी घरांच्या जागांचे अर्ज भरून घ्या. तलाठी आणि ग्रामसेवक झाडाच्या कार्यक्रमाला येणारच आहेत, त्यांनी येताना शिक्का आणि रजिस्टर आणावे.

पैशाचा प्रश्न अवघड नाही. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावे लागतात. वस्तीतला पार, पाण्याची टाकी, दिवा हे त्यातून होऊ शकते. रोजगार हमी योजनेत झाडांच्या संगोपनाची मजुरी तीन वर्षांपर्यंत देता येते. ती मजुरी वस्तीतल्या, ऊसतोडीला न जाऊ शकणाऱ्या बाईला द्या. १९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्राने रोजगाराची हमी देशाला दाखवली, तिचा इतका लहान उपयोग करणे जड नाही.

शुक्रवार असो की रविवार, १५ ऑगस्टला गावोगावी ग्रामसभा होते. झेंडावंदन झाले की लोक एरवीही तिथे जमलेले असतात. त्या सभेत एक ठराव व्हावा. झाड वस्तीत लागेल, पार गाव बांधेल, दिवाळी ते पाऊस या काळात कोणत्या महिन्यात कोणत्या आळीने पाणी घालायचे ते नावानिशी नोंदले जाईल, आणि पुढची ग्रामसभा त्या पारावर भरेल. सभेची नोटीस एव्हाना फलकावर लागली असेल. तिच्यात शेवटचा विषय नेहमी असतो, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. त्यात हा विषय मांडता येतो, आणि तो मांडायला वस्तीतल्या बाईने उभे राहावे.